हुमल्यांचा साकव

आमच्या मागच्या दारी एक रायवळ आंबा आहे. आजोबांच्याही आधीचा. त्या झाडावर चढायला शिकलो तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे साधारण १९६८ साल. खाली आजोबा उभे. मी पहिल्या बेचक्यापर्यंत पोचलो आणि मानेवर, काखेत, कानामागे एकदम निखारे टाकावेत तसं झालं. सरळ खाली उडी टाकली, गुडघा फुटला, आणि सगळं अंग झाडत विहिरीकडे पळालो. आजोबा हसत होते. म्हणाले, "हुमले ते. पयली राख चोळूक होयी. विचारल्याशिवाय कोणाच्या घरात शिरतंस?"

आमच्या सिंधुदुर्गात त्यांना हुमले म्हणतात, एकटा असला तर हुमलो. वर ठाणे-रायगडाकडे ओंबील म्हणतात. पुस्तकात नुसतं लाल मुंगी असं असतं, पण साखरेच्या डब्याला लागते तीही लाल मुंगीच. म्हणून मी हुमलेच लिहिणार. कोकणातल्या माणसाला चित्र डोळ्यापुढे आणायला तेवढं पुरे आहे: लांब पायांचा, तांबूस, झाडाची पानं एकमेकांना शिवून घर करणारा, आणि चावला की पोट पुढे वळवून चाव्यावर आंबट पाणी मारणारा. त्या पाण्यानंच जास्त झोंबतं. सर्दीनं नाक बंद झालं की आजोबा त्याच हुमल्यांचं एक लहान घरटं हातावर चोळून आम्हाला हुंगायला लावायचे. डोळ्यांतून पाणी यायचं आणि नाक मोकळं व्हायचं. बरं झालं की शिंका आल्या, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

एकदा भावानं आणि मी मिळून पेटत्या चुडीनं एक घरटं जाळलं. मला वाटलं आजोबा शाबासकी देतील. त्यांनी चुडी हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "ते राखणदार असत आपले. आंब्याक लागणारो किडो कोण खाता, तू?" आमच्याकडे राखणदार हा शब्द असा सहज कोणी वापरत नाही. गावाच्या वेशीवर असतो तो, त्याला वर्षाचं नारळ-कोंबडं द्यावं लागतं. मुंगीला राखणदार म्हणणं मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

हुमल्यांचं घर बांधणं मी पुढे पुष्कळ वेळा बघितलं. शेतकऱ्याला दुपारी झाडाखाली पडल्यावर दुसरं काय काम. एका पानाच्या कडेला दहा-वीस हुमले ओळीनं उभे राहतात, मागच्या पायांनी एक पान धरतात, जबड्यांनी दुसरं ओढतात. पान लांब असलं आणि तोंड पोचलं नाही, तर एक दुसऱ्याची कंबर जबड्यात धरतो, दुसरा तिसऱ्याची, अशी साखळी होते. दहीहंडीला थर लावतात तसं, फक्त हे आडवं. पानं जवळ आली की आतून दुसरे येतात, तोंडात पांढरी अळी घेऊन. ती त्यांचीच पिल्लं. अळीला हलकेच धरून तिचं तोंड या पानाला टेकवायचं, मग त्या पानाला. अळीच्या तोंडातून रेशमाचा तार निघतो. माग चालवताना धोटा इकडून तिकडे जातो, तशी ती अळी जाते. धागा हुमल्याकडे नाहीच, तो पोराकडे आहे.

इतर बऱ्याच मुंग्यांच्या अळ्या त्या रेशमाचा कोश स्वतःभोवती विणून आत झोपतात. हुमल्यांची अळी सगळं रेशीम घराला देते आणि तिचा कोषावस्थेतला काळ उघड्या अंगानं जातो. घर तुटलं की मग तिच्यावर काहीच पांघरूण नसतं. हे मला पुतणीनं सांगितलं. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी, दापोलीला कृषी विद्यापीठात शिकली. या लेखातलं जे जे छापलेलं आहे ते सगळं तिनं आणून दिलेलं, आणि जे चावलेलं आहे ते माझं.

तिनं सांगितलेल्यातली एक गोष्ट ऐकून तर घरातल्या बायका खूष झाल्या. आपण हुमलो म्हणतो, पुरुषासारखं. पण फांदीवर फिरणारे, शिकार करणारे, चावणारे सगळे हुमले बायका आहेत. नर फक्त पंखवाले असतात, थोडे दिवस जगतात, कामाला शून्य. लहान चणीच्या कामकरणी घरात राहून पिल्लं सांभाळतात, मोठ्या बाहेर जातात. आणि ज्या सगळ्यांत म्हाताऱ्या, त्या हद्दीवरच्या घरट्यांत राहतात, शेजारच्या घराण्याशी पहिली मारामारी त्यांची. राणी एकच, हिरवट रंगाची, जाड. एका घराण्याची शंभरावर घरटी पाच-दहा झाडांवर पसरलेली असू शकतात, पण राणी त्यांतल्या एकाच घरट्यात. हे शेवटचं लक्षात ठेवा, माझी फजिती त्याच्यावरच झाली आहे.

हुमल्यांच्या गर्दीत एक सोंगाड्याही असतो. लांबून अगदी हुमलो. पण जवळ जाऊन पाय मोजले तर आठ. तो कोळी आहे, पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत फिरतो. दशावतारात बाईचं सोंग घेतलेला पुरुष बघून नवखा माणूस फसतो, तसं पाखरं याला हुमलो समजून सोडून देतात.

आता जुनी गोष्ट. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन नावाचा इंग्रजांच्या काळातला एक अधिकारी होता. जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवायचा, नंतर १८७६ पासून मीठ आणि कस्टम खात्यात. उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याची हद्द अशा ठिकाणी त्याची नोकरी झाली. मिठाची चोरी पकडायची आणि उरलेल्या वेळात बेडूक, सरडे, मुंग्या बघायच्या. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्ट्री सोसायटी निघाली तिच्या संस्थापकांत तो होता, आणि १८९० च्या सुमारास त्या सोसायटीच्या नियतकालिकात त्यानं लाल मुंग्यांच्या घरट्यांवर टिपण लिहिलं. म्हणजे आमच्या आजोबांच्या बापाला जे हुमले चावत होते, त्यांच्यावर तेव्हाच छापून आलं होतं. त्याच १८९० साली तिकडे सिंगापूरच्या सरकारी बागेचा प्रमुख हेन्री रिडली यानं अळीनं पानं शिवतात हे लिहून ठेवलं. आमच्या गावात हे कोणी लिहिलं नाही. पण बघितलं नसेल असं मी मानत नाही. लिहिण्याची सवय एक आणि बघण्याची सवय वेगळी.

याहून जुनी गोष्ट चीनची आहे, आणि ती ऐकल्यावर आजोबांचं बोलणं मला गमतीचं वाटेनासं झालं. इसवी सन ३०४ मध्ये जी हान नावाच्या माणसानं दक्षिणेकडच्या झाडाझुडपांवर एक पुस्तक लिहिलं असं मानतात. त्यात आहे की त्या बाजूचे लोक बाजारात मुंग्या विकतात, बोरूच्या पिशव्यांत, घरट्यासकट, आणि ज्या संत्र्याच्या झाडावर या मुंग्या नसतील त्याची सगळी फळं किडतात. त्या मुंग्या म्हणजे हेच हुमले. पुढच्या काळात तिकडचे बागवाले एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबूच्या काठ्या टाकून त्यांना जायला वाट करून द्यायचे. म्हणजे साकव! आपण पऱ्ह्यावर माणसांसाठी दोन माडाची खोडं टाकतो, त्यांनी हुमल्यांसाठी टाकला. बाजारात मुंगी विकत घेणारा शेतकरी सतराशे वर्षांपूर्वी होता, आणि आम्ही तीच मुंगी मारायचं औषध उधारीनं आणत होतो.

ते औषध कसं आलं ते सांगतो. काजूचं झाड मुळात इथलं नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणलं, गोव्यातून आमच्याकडे आलं. चारशे वर्षं ते डोंगरात, कुंपणाला, कोणी न विचारता वाढलं. हुमल्यांनी त्याला कधीच आपलं म्हटलं होतं, काजूचं पान त्यांना शिवायला चांगलं. बोंडू माकडं-पोरं खात, बी बाजारात जाई, बाग म्हणून कोणी लावत नसे. मग १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. खड्ड्याला पैसे, कलमाला पैसे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काढलेलं वेंगुर्ला-४ तेव्हा जोरात होतं. आम्ही दोघा भावांनी १९९१ च्या पावसात वरकस जमिनीवर दोनशे चाळीस कलमं लावली. मी दहावी, भाऊ आठवी, दोघांनाही वाटलं आता मुंबईची गिरणी नको नि कोणाचं तोंड नको.

डोंगरात एकटा काजू असतो तेव्हा कीड त्याला शोधत यावी लागते. दोनशे चाळीस झाडं ओळीत लावली की किडीला पंगत मांडून दिल्यासारखं होतं. आली ती ढेकण्या. ढेकणासारखीच, पण बारीक, लांब पायांची, कोवळ्या पालवीत आणि मोहोरात सोंड खुपसून रस ओढते. दुसऱ्या दिवशी तिथं काळा डाग, चार दिवसांत मोहोर करपून जातो, जणू कोणी आग दाखवली. ढगाळ हवा आली की आमची झोप जायची.

तेव्हा शिफारस ठरलेली होती: पालवीला मोनोक्रोटोफॉस, मोहोराला एंडोसल्फान, फळं धरली की कार्बारील. शिफारस करणाऱ्यांना मी दोष देत नाही, करपलेला मोहोर बघून आम्हीच औषध द्या म्हणून दारात उभे होतो. पण तालुक्याच्या दुकानदारानं मात्रा वाढवून सांगितली आणि आम्ही ती वाढवली, हेही खरं. हातमोजे, तोंडाला फडकं असलं काही त्यानं सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मार्चच्या उन्हात आम्ही बांधलं नसतं. पहिल्या फवारणीला ढेकण्या मेली. हुमलेही मेले. घरट्यांची पानं वाळून तपकिरी झाली आणि महिनाभर नुसती लोंबत राहिली, वारा आला की खुळखुळायची. मला बरंच वाटलं. गडी माणसं खूष, आता बागेत उघड्या अंगानं फिरता येईल.

१९९८ साली, कोकण रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, माघात भाऊ पालवीला फवारत होता. पंप पाठीवरचा, झाकण गळकं, पाठ औषधानं भिजलेली. दहाच्या सुमाराला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, माका अंधारी येता." घाम असा की सदरा पिळावा. तोंडातून लाळ, मग उलट्या. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, ते मी विसरू शकत नाही. रिक्षानं तालुक्याला नेला, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. पाच दिवसांनी घरी आला. पुतणी तेव्हा दोन वर्षांची होती, बापाला ओळखेना इतका उतरला होता. त्यानं परत पंप हातात घेतला नाही. मी घेतला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण कर्ज होतं. आणखी दहा-बारा वर्षं मी फवारत होतो, तोंडाला फडकं बांधून.

खाली केरळात कासरगोडला सरकारी काजूबागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान मारलं, आणि तिथल्या वाड्यांतून पोरं कशी जन्मली त्याचे फोटो नंतर पेपरात आले. आमच्यासारखीच कातळाची जमीन, आमच्यासारखेच पाण्याचे झरे. २०११ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं ते देशभर थांबवलं. त्या दिवशी माझ्या कोठीत दोन डबे शिल्लक होते.

पुतणी दापोलीहून सुट्टीला आली ती याच्यानंतर चार-पाच वर्षांनी. तिनं सांगितलं की ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बाजूला १९९० पासूनच्या दशकात काजूच्या आणि आंब्याच्या बागांत हुमले मुद्दाम पाळून बघितले, आणि तिकडच्या ढेकण्याला ते आवरतात असं दिसलं. म्हणजे आम्ही ज्या वर्षांत इथले मारत होतो त्याच वर्षांत तिकडे ते पाळत होते. मी म्हटलं, मग आणू या आपणही.

पहिल्या वर्षी मी काय केलं? पहाटे गारठ्यात, हुमले सुस्त असतात तेव्हा, रानातल्या जांभळीवरची आणि किंजळीवरची मिळून पंधरा घरटी फांदीसकट कापली, गोणपाटाच्या पिशव्यांत घातली, आणि काजूवर बांधली. उजाडल्यावर बघतो तर युद्ध. जांभळीचे आणि किंजळीचे ही दोन वेगळी घराणी. एकेकाचे पाय सहाजणांनी ताणून धरलेले, झाडाखाली मेलेल्यांचा सडा. जे उरले ते चार महिन्यांत संपले. पुतणीला फोन केला तर म्हणाली, "काकानू, राणी आणलास काय? राणी नसली तर सगळा फुकट." कामकरणींच्या अंड्यांतून फक्त नर होतात, पुढची कामकरी पिढी राणीशिवाय नाही.

राणीचं घरटं शोधायला मला पूर्ण एक हंगाम लागला. ते बहुतेक उंच, उन्हाच्या बाजूला, पानं दाट विणलेली, आणि हात लावायला गेलं की पहारा दुप्पट. नुसतं जवळ गेलं तरी आतले हुमले पानावर पोट आपटतात, पावसाची बारीक सर आल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या वर्षी एकाच झाडावरचं एकच घराणं आणलं, सगळी घरटी, राणीसकट, आणि बागेच्या वरच्या कोपऱ्यातल्या बारा काजूंवर सोडलं. झाडांच्या फांद्या एकमेकांना लागत नव्हत्या, म्हणून एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत सुंभ बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुंभावरून हुमल्यांची रांग चालली होती. भाऊ माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "साकव झालो रे."

आज त्या कोपऱ्यात त्रेसष्ट झाडं हुमल्यांची आहेत. तिथं मी फवारत नाही. ढेकण्या पूर्ण गेली असं नाही, पण मोहोर करपत नाही. बाकीच्या बागेत अजून वर्षाला एक फवारणी करावी लागते. आणि हुमले म्हणजे देव नव्हेत हेही सांगून ठेवतो. खवल्या किडी आणि पिठ्या ढेकूण यांना ते गाई पाळतात तसे पाळतात, त्यांचा गोड चिकटा पितात, त्यांच्यावर कोणाला येऊ देत नाहीत. त्यामुळे काही झाडांची पानं काळी पडतात. खोडकिड्यापुढे माझ्या बागेत तरी त्यांचा काही उपयोग झाला नाही, दरवर्षी दोन-तीन झाडं त्यात जातातच.

खरी अडचण माणसांची आहे. काजूचं बरं, बी पिकून खाली पडते, झाडावर चढावं लागत नाही. ओल्या काजूगरांसाठी काढायची तेवढीच पंचाईत. पण हापूसची कलमं आमच्याकडे तीस आहेत, आणि तीन वर्षांपूर्वी हुमले सुंभाशिवाय स्वतःच तिथं पोचले. आंबा काढणारे नेपाळी गडी आणि आमच्या गावचे दोघे, सगळ्यांनी घळ खाली ठेवली. "मालकानू, हुमले असत त्या झाडार आम्ही चढूचे नाय." बरोबरच आहे त्यांचं. राख चोळायला सांगितली तर हसले. आता मी त्या कलमांवरची घरटी काढणीच्या आठ दिवस आधी पहाटे काढून काजूवर नेतो, सगळी निघत नाहीत, आणि गड्यांना त्या झाडांची मजुरी जास्त देतो. हिशोब करायला बसलो तर हापूसवर हुमले परवडत नाहीत. काजूवर परवडतात.

मुलगा मुंबईला आहे. त्याचं म्हणणं, सगळी बाग करारानं देऊन टाकू, ठेकेदार पैसे आगाऊ देतो, तुम्ही आता पासष्टीला आलात. गेल्या कार्तिकात एक ठेकेदार बघायला आलाही. माणूस सभ्य. आकडा चांगला बोलला, पण अट एक: बाग आधी साफ करून पाहिजे, हुमले एक ठेवायचे नाहीत, औषध तो स्वतः देईल. मी मुलाला फोनवर आकडा सांगितला तेव्हा तो गप्प झाला, कारण आकडा त्याच्या वर्षाच्या पगाराच्या जवळ जाणारा होता. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्यानंतर तो काय करणार तेही मला माहीत आहे.

पुतणीनं परवा आणखी एक बातमी दिली. ओडिशातल्या मयूरभंजकडे आदिवासी हुमल्यांची चटणी करतात, तिला २०२४ च्या जानेवारीत जीआय मानांकन मिळालं, आपल्या हापूसला आहे तसंच. छत्तीसगडात तिलाच चापडा म्हणतात. भाऊ म्हणाला, चटणी करून बघू या. मी म्हटलं, आधी तू राणीचं घरटं ओळखायला शीक, नाहीतर चटणीत राणी जायची.

ठेकेदाराला मी अजून उत्तर दिलेलं नाही. होळीनंतर सांगतो म्हटलं आहे. गेल्या आठवड्यात वादळी वाऱ्यात एक सुंभ तुटला, आठव्या आणि नवव्या काजूमधला. सकाळी भाऊ आणि मी नवीन घेऊन गेलो. मी शिडीवर, तो खाली टोक धरून. गाठ मारेपर्यंत एकजण माझ्या मनगटावर चढून चावलाच. खालून भाऊ विचारतो, "राख चोळलंस काय?"

नव्हती चोळली.